खासगी क्लासला घटना लागू नाही

व्हँकुव्हरजवळच्या सरे शहरातल्या एका प्लाझात, वरच्या मजल्यावर, मी काही वर्षं अमेरिकेची राज्यघटना शिकवली. हे सांगितलं की लोक हसतात. नागपूरची बाई, राहते कॅनडात आणि शिकवते अमेरिकेची घटना. हसण्यासारखं आहेच. पण मला त्या क्लासची आठवण झाली की किळस येते, आणि ती आधी नाकात येते. ओली जॅकेटं, कधीच पुरतं न वाळलेलं कार्पेट आणि खालच्या मिठाईच्या दुकानातलं पुन्हा पुन्हा तापवलेलं तूप, या सगळ्याचा मिळून तिथे एक वास होता. घरी येऊन केस धुतले तरी तो जायचा नाही.

नागपुरात मी कायद्याच्या कॉलेजात घटनेचा पेपर शिकवायचे. आपल्याकडचा कुठलाही मूलभूत हक्क शिकवायला घेतला की अमेरिकेतल्या निकालांचा उल्लेख येतोच, त्यामुळे तीही घटना माझ्या चांगल्या परिचयाची होती. पुढे नवऱ्याला व्हँकुव्हरमध्ये सॉफ्टवेअरचं काम मिळालं आणि आम्ही सरेत टाउनहाउस घेतलं. इथे वकिली करायची तर पुन्हा पहिल्यापासून परीक्षा. पन्नाशीला आलेल्या बाईला त्याचा उत्साह नसतो. मी बऱ्याच ठिकाणी अप्लाय केलं, काही महिने एका ग्रोसरीच्या दुकानात बेकरीच्या काउंटरवर उभी राहिले, आणि मग मराठी लोकांच्या एका गणपतीत मला सर भेटले.

सर मूळचे पुण्याचे. त्यांना सगळे सरच म्हणत, त्यांची बायकोसुद्धा. इस्त्रीचा शर्ट, हळू आवाज, तोंडात कायम वेलदोडा. सरे आणि आसपासच्या गावांतल्या ज्या आईबापांना मुलं सीमेपलीकडच्या विद्यापीठांत पाठवायची असत, त्यांच्यासाठी त्यांचा क्लास होता. तिथे प्रवेश मिळायला सोपं जावं म्हणून मुलं शाळेत असतानाच काही अमेरिकन परीक्षा देतात. त्यांतली एक अमेरिकन सरकार आणि घटना या विषयाची. ती शिकवायला सरांना कुणीतरी हवं होतं.

"मॅडम, तुम्हाला तर देवानेच पाठवलं," ते म्हणाले. मला बरं वाटलं. बऱ्याच दिवसांत मला कुणी मॅडम म्हटलं नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात कळलं की शिकवायचं असं फारसं काही नाही. सरांनी रंगीत कार्डं छापून घेतली होती. पुढच्या बाजूला शब्द, मागे दोन ओळींची व्याख्या. सत्तेचं विभाजन, नियंत्रण आणि समतोल, संघराज्य, न्यायालयीन पुनर्विलोकन, कायद्याची योग्य प्रक्रिया. याला ते 'की कन्सेप्ट्स' म्हणायचे. मुलांनी शब्द पाहिला की व्याख्या म्हणायची, व्याख्या ऐकली की शब्द सांगायचा. सर स्वतः गठ्ठा घेऊन फिरायचे आणि कार्ड वाटताना दर वेळी अंगठ्याला थुंकी लावायचे. मुलं कार्डाचा तो कोपरा सोडून बाकीच्या ठिकाणी धरायची.

मी एकदा त्यांना म्हटलं, "सर, सत्तेचं विभाजन दोन ओळींत कसं कळणार? ते का केलं, कुणाच्या भीतीनं केलं, ते सांगायला नको?"

"मॅडम, परीक्षेत कळलं का असं कुणी विचारत नाही. येतं का, एवढंच विचारतात."

"पण लिहायचे प्रश्न असतात ना?"

"त्याचेही साचे आहेत. मी देतो तुम्हाला."

आणि त्यांनी खरोखरच साचे दिले. कुठलाही खटला आला तरी त्यातल्या मोकळ्या जागा भरायच्या. मुलांना त्याची इतकी सवय झालेली होती की मी एखादी गोष्ट उलगडून सांगायला लागले की त्यांचे हात आपोआप फोनकडे जायचे. त्यांचा राग नाही मला. शाळा, हॉकी, पियानो, गणिताचा क्लास आणि मग आमचा क्लास. त्यांना माझ्याकडून फक्त एवढंच हवं होतं की मी लवकर संपवावं.

त्यांच्यात एकच मुलगी वेगळी होती. सतरा वर्षांची, उंच, केस घट्ट मागे बांधलेले. ती माणसं वसईची, ख्रिस्ती. वडील बोटीवर नोकरीला, वर्षातून एकदा येणार. आई एका वृद्धाश्रमात कामाला होती आणि दोघी एका घराच्या बेसमेंटमध्ये भाड्यानं राहत. मुलीचा मामा न्यू जर्सीत होता. त्याच्याकडे राहून तिला तिथे शिकायचं होतं आणि वकील व्हायचं होतं. आई माझ्याशी वसईकडच्या मराठीत बोलायची, मुलगी तिला आणि मलाही इंग्रजीतच उत्तर द्यायची. मी तिचं बोलणं इथे मराठीत लिहिते आहे.

ही मुलगी प्रश्न विचारायची. घटनेचा अर्थ काय ते कोर्ट ठरवतं, तर कोर्टाला तसा अधिकार आहे हे कुणी ठरवलं? मी म्हटलं, कोर्टानेच. ती म्हणाली, "म्हणजे त्यांनी स्वतःच स्वतःला दिला?" मी म्हटलं, "हो, आणि बाकीच्यांनी तो मान्य केला. त्या मान्य करण्यावर सगळं उभं आहे." बाकीची मुलं घड्याळाकडे बघत होती. आम्ही दोघी मात्र त्या दिवशी फार मजेत होतो.

दुसऱ्यांदा 'कायद्याची योग्य प्रक्रिया' या कार्डावरून आमचं बोलणं रंगलं. कार्डावर होतं : सरकारने कुणाचं स्वातंत्र्य किंवा मालमत्ता काढून घेण्याआधी त्याला नोटीस आणि बाजू मांडण्याची संधी द्यावी. तिनं विचारलं, "नोटीस दिली, बोलू दिलं, पण निर्णय आधीच ठरलेला असेल तर?"

"तर ते नाटक झालं."

"पण कार्डावर तर सगळं बसतंय."

नागपुरात वर्गात असा प्रश्न आला असता तर मी पुढचा तास त्याच्यावरच काढला असता. इथे सर काचेच्या दारातून बघत होते. ते आत आले, तोंडातला वेलदोडा एका गालातून दुसऱ्या गालात घेतला आणि म्हणाले, "छान डिस्कशन. आता कार्ड नंबर पुढचं."

सराव परीक्षेत ती खालून पहिली आली. मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. चार पर्यायांतला एक निवडायचा असला की ती चारही पर्यायांत अडकायची. लिहायच्या प्रश्नात साचा सोडून भलतंच काहीतरी मुद्देसूद लिहायची आणि वेळ संपायचा. सरांनी निकाल वर्गातच वाचून दाखवला, आणि तिच्या नावापाशी थांबून म्हणाले, "प्रश्न विचारण्यात जी हुशारी घालवतेस ना, ती पाठांतरात घाल. प्रश्न बंद. मॅडम, तुम्हीसुद्धा हिला उत्तरं देऊ नका."

मी नंतर ऑफिसात जाऊन त्यांना सांगितलं की ही माझी सर्वांत चांगली विद्यार्थिनी आहे. ते हसले. "मॅडम, तुमची चांगली आणि परीक्षेची चांगली वेगळी."

मुलीनं त्यांचं ऐकलं. पुढच्या काही आठवड्यांत तिनं एकही प्रश्न विचारला नाही. आई कामावरून सुटून येईपर्यंत तिला क्लासमध्येच थांबावं लागे. बाहेरचा हॉल बंद करत, म्हणून सरांनीच तिला आपल्या ऑफिसात बसायला सांगितलं होतं. तिथे ती भिंतीकडे तोंड करून कार्डं पाठ करत बसायची. ओठ हलायचे, आवाज नाही. मी एकदा म्हटलं, "अगं, काही अडलंय का?" ती म्हणाली, "नाही. आता मी समजून घ्यायचा प्रयत्नच करत नाहीये, त्यामुळे पटपट होतंय." हे ती चेष्टेनं म्हणाली असावी असं मला तेव्हा वाटलं.

पुढच्या सराव परीक्षेत ती पहिली आली. दर वेळी पहिला येणारा मुलगा दुसरा आला. त्याचे वडील सरेतले बऱ्यापैकी मोठे रिअल इस्टेटवाले, क्लासमधली निम्मी मुलं त्यांच्या ओळखीनं आलेली. त्यांचा सरांना फोन गेला हे मला नंतर कळलं.

त्या दिवशी बाहेर सकाळपासून पाऊस होता आणि खोलीतली हवा ओल्या कुत्र्यासारखी झाली होती. मी योगायोगानं झडतीचाच विषय घेतला होता : सरकारनं कुणाच्या घराची, वस्तूंची, कागदपत्रांची अवाजवी झडती घेऊ नये. मुलं व्याख्या म्हणत होती. सर दार न वाजवता आत आले आणि त्या मुलीला म्हणाले, "बॅग टेबलावर ठेव."

तिला कळलं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"काय झालं, सर?" मी विचारलं.

"ही माझ्या ऑफिसात एकटी बसते. पेपर माझ्या ऑफिसात असतो. खालून पहिली मुलगी महिन्याभरात वरून पहिली कशी येते, ते बघायचंय."

"मग ते बाहेर बोलू. वर्गात नको."

"सगळ्यांच्या समोरच. इथे सगळ्यांच्या मार्कांचा प्रश्न आहे."

त्यांनी स्वतः तिची बॅग ओढली आणि टेबलावर उलटी केली. जेवणाचा डबा पडला, वह्या, केसांचे बँड, कार्डांचा गठ्ठा, आणि सॅनिटरी पॅडचं पाकीट. पाकीट फुटलं आणि त्यातले दोन-तीन खाली कार्पेटवर पडले. मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं. सरांनी त्या वस्तू बोटानं सारून बाजूला केल्या, जसे कुणी ताटातले खडे बाजूला करावेत. मग त्यांनी तिचा फोन उचलला आणि तिच्यापुढे धरून म्हणाले, "उघड."

आणि तिनं उघडला. हे मला अजून सहन होत नाही. ती इतकी घाबरली होती की तिनं मुकाट्यानं बोट ठेवलं. सर अंगठ्याला थुंकी लावून तिचे मेसेज सरकवायला लागले. काचेवर थुंकीची रेघ उमटत होती. एक मेसेज त्यांनी मोठ्यानं वाचला. तो तिनं वडिलांना पाठवलेला होता, बोटीवर : बाबा, मी पहिली आले, आता सर मला मूर्ख म्हणणार नाहीत.

वाचून झाल्यावरही ते थांबले नाहीत. पुढचा मेसेज शोधायला लागले.

मी उठले आणि त्यांच्या हातातून फोन काढून घेतला. फार काही शौर्य नव्हतं त्यात, मला तो अंगठा तिच्या फोनवर बघवत नव्हता. फोन मी माझ्या ओढणीला पुसला आणि तिच्या हातात दिला.

"हे तुम्हाला करता येत नाही, सर," मी म्हटलं. "आत्ता ही मुलं हेच म्हणत होती ना? अवाजवी झडती."

तेवढ्यात तो दुसरा आलेला मुलगा बोलला. हात वर करून, उत्तर द्यायच्या सुरात. "टेक्निकली, मॅम, तो हक्क फक्त सरकारविरुद्ध असतो. हा खासगी क्लास आहे. तुम्हीच शिकवलं होतं."

मी शिकवलं होतंच. घटना सरकारला बांधते, खासगी माणसाला नाही. त्यानं ते अगदी बरोबर लक्षात ठेवलं होतं. परीक्षेत याचे त्याला पूर्ण मार्क मिळाले असते. त्याच्यापासून हातभर अंतरावर ती मुलगी खाली वाकून कार्पेटवरचे पॅड गोळा करत होती, आणि त्याच्या चेहऱ्यावर बरोबर उत्तर दिल्याचा आनंद होता.

सर खूश झाले. "करेक्ट. शिवाय आपण कॅनडात आहोत. मॅडम, तुमच्या विद्यार्थ्यानं तुम्हालाच शिकवलं."

आणि वर्ग हसला. एवढी गोड हसणारी, चांगल्या घरातली, दाताला तारा लावलेली मुलं. त्यांना सगळे हक्क क्रमांकासकट पाठ होते. मी वॉशरूममध्ये जाऊन उलटी करावी की काय असं वाटलं, पण मुलीला एकटं सोडायचं नव्हतं. मी तिची बॅग भरली, तिला जॅकेट घातलं आणि आम्ही खाली जाऊन मिठाईच्या दुकानाच्या छपराखाली तिच्या आईची वाट पाहत उभ्या राहिलो. ती रडली नाही. एकदाच म्हणाली, "माझ्या बाबांना सांगू नका."

आई आली ती वृद्धाश्रमाच्या गणवेशातच. सगळं ऐकून ती मला म्हणाली, "टीचर, चोरी केली का हिनं?"

"नाही."

"मंग तसं सर्वांसमोर सांगायला पायजे त्यांनी."

मी तिला सांगितलं की घटना लागू नसली तरी इथे दुसरे कायदे आहेत, मुलीची बॅग अशी उलटी करणं आणि फोन वाचणं याबद्दल तक्रार करता येईल, मी साक्ष देईन. ती मान हलवत राहिली. त्यांचं पीआर, म्हणजे इथल्या कायमच्या वास्तव्याची परवानगी, अजून व्हायचं होतं. नवरा बोटीवर. कुठल्याही सरकारी दारात आपलं नाव जायला नको, असं तिला वाटत होतं. मी तिला सांगितलं की तक्रार करून पीआर अडत नाही. तिला ते पटलं नाही, आणि तिला पटवायला लागणारी खात्री माझ्या आवाजात नव्हती. तिची मागणी एकच होती : चारचौघांत झालं, तर चारचौघांत निस्तरावं.

म्हणून मी सरांकडे गेले आणि म्हटलं, "तुमचा आरोप काय आहे तो नीट सांगा, पुरावा दाखवा, मुलीला बोलू द्या, आणि निर्णय तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणीतरी द्या."

ते चटकन तयार झाले. तयार झाले तेव्हाच मला संशय यायला हवा होता. "उत्तम कल्पना, मॅडम. मुलांनाही प्रॅक्टिकल मिळेल."

शनिवारी त्यांनी पालकांना बोलावलं. खुर्च्या अर्धवर्तुळात मांडल्या, चहा आणि ढोकळा ठेवला. त्या ढोकळ्याची मला विशेष चीड आली. निर्णय द्यायला त्यांनी त्या रिअल इस्टेटवाल्या गृहस्थांना बसवलं, ज्यांच्या मुलाचा नंबर गेला होता. मी हरकत घेतली तर गृहस्थ हिंदीत म्हणाले, "मॅडम, हम सब फॅमिली जैसे हैं." सगळ्यांनी माना डोलावल्या. हातात प्लेट घेऊन.

मुलगी मधल्या खुर्चीत बसली होती. सरांनी पुरावा म्हणून एवढंच सांगितलं की ती ऑफिसात बसत असे. मी म्हटलं, "तिथे बसायला तुम्हीच सांगितलं होतं. पेपर कपाटात कुलपात असतो, किल्ली तुमच्या खिशात असते. मग तिनं तो घेतला कसा?" कुणीतरी चहात साखर कमी आहे म्हणालं.

मग सर म्हणाले, आपण तिला इथेच विचारू. आणि त्यांनी गठ्ठा काढला.

ती सांगत गेली. शब्द ऐकला की व्याख्या. न थांबता, न अडखळता, आवाजात कसलाही चढउतार नाही. संघराज्य. समान संरक्षण. नियंत्रण आणि समतोल. मी तिला ओळखत होते आणि तरी मला ती ओळखू येईना. ज्या मुलीनं कोर्टाला अधिकार कुणी दिला असं विचारलं होतं, ती त्याच अधिकाराच्या नावाला, न्यायालयीन पुनर्विलोकन या शब्दाला, दोन ओळी म्हणून पुढच्या कार्डाची वाट बघत होती. योग्य प्रक्रियेचं कार्ड आलं. नोटीस आणि बाजू मांडण्याची संधी, ती म्हणाली. तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं, क्षणभरच.

एकही चुकलं नाही. मला वाटलं, झालं. आता तरी हे लोक काही म्हणतील.

सरांनी गठ्ठा खाली ठेवला. "बघा," ते पालकांकडे वळून म्हणाले, "अक्षर न् अक्षर. कॉमासुद्धा चुकत नाही. इतकं हुबेहूब कुणाला येतं? ज्यानं उत्तरं पाहिली असतील त्यालाच."

"पण ही तुमचीच कार्डं आहेत," मी म्हटलं. "तुम्हीच पाठ करायला लावलीत."

मुलगी पहिल्यांदाच बोलली. "तुम्ही म्हणालात, प्रश्न बंद, पाठांतर कर. मी केलं."

आवाज अगदी साधा होता. एका बाईंनी प्लेट खाली ठेवली. मला वाटलं त्या काहीतरी बोलणार. त्यांनी रुमालानं तोंड पुसलं आणि प्लेट परत उचलली.

गृहस्थांनी निर्णय दिला. आरोप सिद्ध झाला असं काही ते म्हणत नाहीत, मुलीचं नुकसान व्हावं असं कुणालाच वाटत नाही, फक्त तिचे मार्क धरू नयेत आणि तिनं पेपर पुन्हा द्यावा. सर आईकडे वळून मराठीत म्हणाले, "ताई, आपलीच मुलगी आहे. म्हणून मी हे घरातल्या घरात मिटवतोय."

आई उठली. ती बुटकी बाई, गणवेशाऐवजी त्या दिवशी चांगला ड्रेस घालून आलेली. ती म्हणाली, "मी म्हाताऱ्या मानसांचं हगणं-मुतणं काढते, सर. त्याची मला घाण वाटत नाय. इथे वाटते." आणि मुलीचा हात धरून निघाली.

मीही निघाले. माझी पर्स, छत्री आणि माझी स्वतःची दोन पुस्तकं घेतली. सर जिन्यापर्यंत मागे आले. "मॅडम, भावनेच्या भरात निर्णय नको. परीक्षा तोंडावर आहे." मी जिना उतरत राहिले. बोलायला तोंड उघडलं असतं तर तो वास आत गेला असता, असं काहीतरी मला तेव्हा वाटत होतं.

घरी नवरा म्हणाला, "अगं, तू केलंस ते बरोबर. पण इथे आपली माणसं किती? उद्या गणपतीत समोर येतील." मी म्हटलं, "येऊ देत. मी त्यांच्या हातचा प्रसाद घेणार नाही." त्याला ते अतिरेकी वाटलं. अजून वाटतं.

परीक्षेची नोंदणी मुलीच्या शाळेमार्फत झालेली होती, त्यामुळे ती क्लासवर अवलंबून नव्हती. उरलेले आठवडे ती माझ्याकडे येत राहिली. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुस्तकं मांडून ठेवायचे. मला वाटायचं, आता आपण नीट शिकू, मोकळेपणानं. मी मुद्दाम वादाचे विषय काढायचे. शाळेत मुलांचे फोन तपासता येतात का? खासगी कंपनी सरकारपेक्षा मोठी झाली तर तिला घटना लागू करावी का? पूर्वी अशा प्रश्नांवर तिनं माझा जीव खाल्ला असता. ती शांतपणे ऐकून घ्यायची आणि विचारायची, "हे परीक्षेत येईल का?"

मी म्हणायचे, "नाही येणार कदाचित."

"मग पुढचं घेऊ या."

तिला दोष कसा देणार? तिनं एकदा विचार केला तर खालून पहिली आली, आणि एकदा विचार सोडला तर चोर ठरली. त्या पोरीनं यातून जो धडा घेतला तो मी कितीही पोळ्या लाटून, चहा करून, समजावून तिच्या डोक्यातून काढू शकले नाही. मी आणि सर यांच्यातलं भांडण त्यांनी जिंकलं, ते त्या टेबलावर.

तिला चांगले मार्क मिळाले. अगदी पूर्ण नाहीत, पण चांगले. मामाकडे ती गेली नाही. एका स्थानिक कॉलेजात दंतचिकित्सकाच्या मदतनिसाचा कोर्स आहे, तो तिनं घेतला. आईनं फोन करून सांगितलं तेव्हा मी विचारलं, "आणि वकिली?" आई म्हणाली, "नको म्हणते. म्हणते, दात बरे. दात तोंडातच असतात, त्यांना काय विचारायचं नसतं." आम्ही दोघीही हसलो, पण मला ते हसू नंतर बरंच सलत राहिलं.

सरांचा क्लास आता त्याच प्लाझात दोन गाळ्यांत आहे. पुढच्या वर्षीच्या गणपतीत त्यांचं पालकत्वावर भाषण झालं. मुलांशी संवाद कसा साधावा, त्यांना प्रश्न विचारू द्यावेत, असा विषय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाषण झाल्यावर ते गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आले आणि हात पुढे केला.

"मॅडम, मागचं मनात ठेवू नका. तुमची जागा अजून रिकामी आहे. तुमच्यासारखं घटना शिकवणारं इकडे कुणी नाही."

माझा नवरा शेजारी उभा होता. आसपास चार ओळखीचे चेहरे आमच्याकडे बघत होते. मी हात माझ्या शालीत ठेवला.

"मी सध्या शाळेच्या लायब्ररीत काम करते," मी म्हटलं. "बरं आहे तिथे."

ते हात तसाच हवेत धरून थोडा वेळ हसत राहिले. मग तोच हात त्यांनी शेजारच्या माणसाच्या खांद्यावर ठेवला आणि त्याला विचारलं, मुलगा आता कितवीत आहे.